जास्तीची खसखस

३ नोव्हेंबर

प्रिय आई,

पार्सल मिळालं. प्रीता मावशीच्या भाचीनं, शिवांगीनं, नागपूरहून येताना आणलं, शॉमबर्गहून कुरिअर केलं आणि काल ते इथे ओहायोत माझ्या दारात येऊन पडलं. आत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. सुतळीला अशी गाठ मारली होती की सुरीनं कापावी लागली. डबा उघडला, तुपाचा आणि तळलेल्या डिंकाचा वास आला आणि मी स्वयंपाकघरातच फतकल मारून बसले. मार्कस धावत आला. त्याला वाटलं, कळा सुरू झाल्या. म्हटलं, "कळा नाहीत रे बाबा, लाडू आहेत."

लग्नाला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत तुमच्याकडून आलेली ही पहिली गोष्ट. नागपुरात बाबा सगळ्यांना सांगतात की शरयूनं लग्न केलं नाही, तिला नोकरीतून वेळ नाही, हे मला मावशीकडून कळलं आहे. असू दे. मी रागावून लिहीत नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर ब्लॉक आहे, तो तू केलास की बाबांनी, हेही विचारत नाही. हे पत्र हातानं लिहून त्याचा फोटो मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवते आहे. ती झेरॉक्सवाल्याकडून छापून भजनाच्या दिवशी तुझ्या हातात देईल. मावशी आधी सगळं वाचणार हे उघड आहे. मावशी, वाचते आहेस तर नमस्कार.

आई, हात बदलला का गं तुझा? तुझे लाडू म्हणजे एकाच साच्यातून काढल्यासारखे. हे म्हणजे एक लिंबाएवढा तर एक संत्र्याएवढा. पाकही पुढे गेलाय, दाताखाली कट्टकन वाजतो. संधिवातानं बोटं धरली असतील. आणि खसखस केवढी घातलीस! मी लहानपणी ताटात सांडलेली खसखस बोटानं टिपून खायची आणि बाबा म्हणायचे, चिमणी आली. त्या चिमणीला पुरेल एवढी आहे.

बाळंतिणीनं खायचे लाडू बाळंतपणाआधी खाऊ नयेत, हे मला पाठ आहे. मी काल दोन खाल्ले, आज सकाळी परत. माझं डोहाळजेवण कुणी केलं नाही, तर ते मीच करून घेते आहे असं समज.

खरं सांगू? मला भीती वाटते. बाळंतपणाची वाटते, ती तर सगळ्यांनाच. पण या गल्लीतल्या काळ्या बायकांची भीती वेगळी आहे, आणि मार्कसशी लग्न केल्यापासून ती माझ्याही घरात राहायला आली आहे. त्याच्या मावसबहिणीला बाळंत झाल्यावर दम लागायला लागला. ती सांगत राहिली, नर्स म्हणत राहिल्या, पड थोडी. ती घरी परत आलीच नाही. म्हणून माझ्या सासूबाईंनी, ओडेसानं, आत्तापासून तालीम सुरू केली आहे. हॉस्पिटलात जाताना मार्कसनं टाय लावायचा. मी कंपनीचा बॅज गळ्यात घालायचा, म्हणजे आपलं ऐकून घेतात. मी रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पण गप्पही बसायचं नाही. मी म्हटलं, "मग करायचं काय, भरतनाट्यम?" ती हसली नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर ज्युडिटची बेकरी आहे. ती हंगेरियन. खसखशीचं सारण भरून पावाची गुंडाळी करते. आपली खसखस पांढरी, त्यांची निळसर काळी. एकेकाळी ही सगळी गल्ली हंगेरियन होती, चर्च त्यांचं, घरं त्यांनी बांधलेली. ज्युडिटचे आजोबा आणि ओडेसाचे वडील एकाच ओतशाळेत कामाला होते. एकाला पुढे सुपरवायझर केलं, बँकेनं कर्ज दिलं, ते तळ्याकाठच्या उपनगरात गेले. दुसरा शेवटपर्यंत भट्टीसमोर राहिला आणि त्याला घर मिळालं ते यांनी सोडलेलं, नळ गंजल्यावर. परवा बेकरीत विषय निघाला तेव्हा ज्युडिट म्हणाली, "माझ्या आजोबांनी फार कष्ट केले." ओडेसा म्हणाली, "माझ्याही वडिलांनी केले, बेटा." एवढंच. मग दोघींनी कॉफी घेतली.

मी ज्युडिटला तुझा लाडू चाखायला दिला. तिनं डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, "शरयू, ही तर आमचीच चव आहे." 

जमलं तर मावशीकडून एक निरोप दे. नुसतं 'हं' म्हटलंस तरी चालेल.

तुझी,
शरयू


१५ नोव्हेंबर

प्रिय आई,

मुलगी झाली. दोघी खुशाल आहोत.

ब्लडप्रेशर वाढलं म्हणून थोडं आधी घेतलं, पण बाळ छान वजनाचं आहे. जावळ इतकं दाट की नर्सनं वेणी घालू का म्हणून विचारलं. नाक आपल्याकडचं आहे. रंग कुणाचा, हे मावशी विचारेलच, तर सांग तिला, बाळाचा रंग बाळाचाच आहे.

नाव ठरलंय पण सांगणार नाही. बाराव्या दिवशी आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव बाहेर फोडायचं नाही, ही तुझी शिकवण. मार्कसची बहीण तयारीत आहे. कानात 'कुर्रर्र' करायचं असतं हे तिला शिकवलं, ती आरशासमोर सराव करते. सध्या बाळाच्या मनगटावर नुसतं 'बेबी गर्ल' लिहिलं आहे.

मी घरी आले. बाळ अजून तिकडेच आहे. थोड्या तपासण्या राहिल्यात, इथे फार तपासण्या करतात, काळजीचं काही नाही. मार्कस तिथे काचेपाशी बसून आहे. टाय अजून काढलेला नाही त्यानं.

अक्षर वाईट आलंय. अशक्तपणा, दुसरं काय.

बरं, एक सहज विचारते. लाडवांत खसखस किती घातली होतीस? भाजून घेतलीस की कच्चीच वाटलीस? कुठल्या दुकानातून आणलीस? इथली एक मैत्रीण रेसिपी मागते आहे. मावशीजवळ सांगून ठेव. लवकर सांगितलंस तर बरं होईल.

आणि शिवांगीला यातलं काही कळवू नकोस.

तुझी,
शरयू


२१ नोव्हेंबर

आई,

मागच्या पत्रात खुशाल लिहिलं ते खोटं होतं. मैत्रीण नाही, रेसिपीही नाही. बाळ माझ्याजवळ नाही. सरकारनं नेलं आहे.

तू आधी खाली बस आणि मग पुढचं वाच. मावशी, तिला पाणी दे.

ब्लडप्रेशरसाठी हॉस्पिटलात गेले तेव्हा त्यांनी लघवी तपासायला घेतली. गरोदर बाईची घेतातच. त्याच नमुन्यावर मला न विचारता त्यांनी आणखी एक तपासणी केली, नशेच्या औषधांची. त्यात अफूच्या जातीचं काहीतरी निघालं. खसखस अफूच्याच बोंडातली असते ना गं. खाल्ल्यावर दोन दिवस लघवीत दिसू शकते. हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी तर तुझे लाडू खात होते.

बाळंत झाल्यावर गोड आवाजाची एक बाई आली. सोशल वर्कर. खुर्ची ओढून बसली आणि मला विचारायच्या आधी मार्कसकडे वळली. "तुम्ही कधी तुरुंगात होतात का? घरी काय काय आणता?" आई, हा माणूस शहराच्या पाणीखात्यात इंजिनिअर आहे, घरी आणतो ती कोथिंबीर, आणि तीही चुकून तशीच दिसणारी पार्सली निघते. तो म्हणाला, "नाही, मॅडम." इतक्या शांतपणे म्हणाला की मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. हे उत्तर त्यानं आयुष्यभर घोकून ठेवलं होतं.

मी खसखस सांगितली, लाडू सांगितले. ती म्हणाली, "सगळे तेच सांगतात."

बाळाला कसलाही त्रास नाही, असं तिथल्याच डॉक्टरनं लिहून दिलं. तरी नेलं. आम्ही म्हटलं, आजीकडे द्या. तर ओडेसाचं घर बघायला माणसं आली. खिडकीच्या चौकटींचा जुना रंग सुटलाय, त्यात शिसं असतं, तान्ह्या बाळाला घातक. घर नापास. रंग लावला हंगेरियन लोकांनी, ते गेले तळ्याकाठी, आणि शिसं राहिलं ओडेसाच्या वाट्याला. बाळाला ठेवलंय कुठे, माहीत आहे? त्याच तळ्याकाठच्या उपनगरात, एका अनोळखी कुटुंबात. माणसं वाईट नाहीत. पण माझं बाळ त्यांच्या साबणाचा वास घेऊन येतं.

मला आठवड्यातून दोनदा भेटू देतात, एका खोलीत, कोपऱ्यात एक बाई बसलेली असते. माझं दूध घेत नाहीत. तपासणीत निघालं ना, म्हणून. मी घरी मशीननं काढते आणि सिंकमध्ये ओतते. नळ सोडून ठेवते, म्हणजे मार्कसला ऐकू जात नाही.

आता ज्युडिटचं ऐक. एप्रिलमध्ये तिला मुलगा झाला, याच हॉस्पिटलात. ती बाई सकाळपासून खसखस दळते, चाखते, बोटं चाटते. बाळंतपणाला जातानाही घरची गुंडाळी सोबत नेली होती. तिची तपासणी केलीच नाही कुणी. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला तर ही अशी टेस्ट असते हेही ठाऊक नव्हतं." ओडेसा शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे."

मी काळी नाही. पण माझ्या कागदावर मार्कसचं नाव आहे, आमच्या गल्लीचा पत्ता आहे, आणि टाय लावलेला मार्कस शेजारी उभा होता. तेवढं पुरतं म्हणे.

आमची वकील सलोनी. इथेच अमेरिकेत, एडिसनला वाढलेली, आईवडील पुण्याचे. ती म्हणाली, "ताई, एक्स्पर्ट आपण आणू, तो म्हणेल खसखशीनं असं होऊ शकतं. पण 'होऊ शकतं' इज नॉट इनफ. ते लाडू प्रूव्ह करावे लागतील. आहेत का शिल्लक?"

नाहीत. सोशल वर्कर घर तपासायला येणार म्हटल्यावर ओडेसानं आमचं घर साफ केलं. खोकल्याचं औषध, माझा ओवा, हिंग, हळदीची पुडी, बिनलेबलचं जे जे दिसलं ते तिनं काळ्या पिशवीत भरून टाकून दिलं. डबासुद्धा. तिच्या आयुष्यात अशी माणसं घरी येतात तेव्हा आधी घर साफ करायचं असतं, एवढंच तिला माहीत. आमची सुटका त्या डब्यात होती, हे तिला कसं कळणार? सांगताना ती माझ्यापुढे ओक्साबोक्शी रडली. मी तिच्यावर चिडलेसुद्धा नाही. चिडायला अंगात जोर नव्हता.

शिवांगीनं पार्सल आणलं हे तिनं सांगावं, म्हणून तिला फोन केला. तिचा व्हिसा रिन्यूअलला आहे. म्हणाली, "शरयू, प्लीज यार, माझं नाव घेऊ नकोस. कस्टममधून मीच डबा आणला ना, मलाच पकडतील." दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन बंद आहे.

म्हणून आता तूच. कोर्टाची तारीख सहा डिसेंबर, शुक्रवार. तुमच्याकडे तेव्हा जेवणं झालेली असतील. सलोनी मावशीच्या फोनवर लिंक पाठवेल. तू फक्त समोर यायचं आणि सांगायचं की लाडू मी केले, त्यात खसखस होती, ते मी माझ्या मुलीला पाठवले. मराठीत सांग, सलोनी भाषांतराची सोय करते आहे. तुझी काही चूक नाही गं. तुला कुणी काही म्हणणार नाही.

बाबांना कळेल, हे मला माहीत आहे. मुलीला मूल झालंय आणि ते कोर्टात आहे, हे त्यांना एकाच दिवशी कळेल. पण आई, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते आहे.

शरयू


२ डिसेंबर

आई,

काल मावशीचा फोन आला. मी पाळण्याला चादर घालत होते. पाळणा रिकामा आहे, तरी रोज चादर बदलते. मावशी आधी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, "शरयू, तुझी आई म्हणते, लाडू मी केलेच नाहीत."

मी तिला परत सांगायला लावलं. तिनं परत तेच सांगितलं.

मग मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मावशीनं तुला 'अफूची केस' असं सांगितलं. मावशी, तुझं भलं होवो! अफू म्हटल्यावर कोणाचीही गाळण उडेल. तुला वाटलं असेल, दाराशी पोलीस येतील, शेजारीपाजारी बघतील, बाबांची पेन्शन बंद होईल. मी तुला ओळखते. गॅसची नोंदणी करायला माणूस आला तरी तू बाबांना हाक मारायचीस.

पण आई, केले नाहीत? मग कुणी केले? नागपूरहून मला बाळंतिणीचे लाडू पाठवणारं दुसरं आहे कोण?

मी रात्रंदिवस घाबरलेली आहे. दारावरून गाडी गेली तरी पडदा सारून बघते. मार्कस ऑफिसला जाताना मला हात लावून जातो, जसं काही मीही तो परत येईपर्यंत नेली जाणार आहे. भेटीच्या खोलीत मी बाळाला फार घट्ट धरत नाही, कोपऱ्यातली बाई लिहून घेईल म्हणून. फार सैलही धरत नाही, तेही ती लिहून घेईल म्हणून. परवा बाळ माझ्याकडे आलं आणि रडायला लागलं. त्या बाईनं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. घरी आल्यावर मी मार्कसला म्हटलं, ती मला विसरली. तो म्हणाला, "तिला भूक लागली होती, हनी." पण त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

बारावा दिवस येऊन गेला. बारसं झालं नाही. मार्कसची बहीण त्या दिवशी फोन करून नुसतीच 'कुर्रर्र' म्हणाली आणि आम्ही दोघी रडलो. माझी मुलगी अजून 'बेबी गर्ल' आहे.

ज्युडिट साक्षीला यायला तयार झाली आहे. आधी टाळत होती. म्हणे, "खसखस म्हणजे ड्रग असं पेपरात आलं तर माझ्या दुकानात कोण येईल?" तिचीही भीती खोटी नाही. दोन दिवसांनी आपणहून दारात आली, हातात मुलगा, आणि म्हणाली, "येईन मी." परक्या देशातल्या एका बेकरीवालीला जमतं, आई.

लिंक मावशीच्या फोनवर येईल. तू आलीस किंवा नाही आलीस, मी कोर्टात खरं तेच सांगणार की लाडू तुझे होते. तू नाही म्हणालीस तर मी खोटी ठरेन आणि बाळ तिकडेच राहील. किती दिवस, ते सलोनीलाही सांगता येत नाही. पुढची तारीख वसंतात असते म्हणे. वसंतापर्यंत ती बसायला लागेल.

मी 'तुझी' लिहिणार होते. आता लिहवत नाही.

शरयू


९ डिसेंबर

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मावशीच्याच फोनवर पाठवते आहे, सवयीनं. आईलाही वाचून दाखवा. आणि तिची माफी आधी मागते. ती खरं तेच बोलत होती. तिनं लाडू केलेच नव्हते, आणि कुणी केले हे सांगायचं नाही अशी तुम्ही तिला शपथ घातली होती, हे मला काल मावशीकडून कळलं. मला सुतळीच्या गाठीवरूनच कळायला हवं होतं. अशी गाठ मारायला जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात घालवावा लागतो.

तुम्हाला त्या फोनच्या चौकटीतून जेवढं दिसलं त्याच्या आधीचं सांगते. ज्युडिटची साक्ष आधी झाली. जजबाईंनी तिला विचारलं, "तुम्ही रोज खसखस खाता, मग तुमच्या टेस्टचं काय झालं?" ती म्हणाली, "माझी केली नाही." जजबाई म्हणाल्या, "का?" ज्युडिटनं मान वळवली. मग मागे बसलेल्या ओडेसाकडे बघत म्हणाली, "ते हॉस्पिटलला विचारा. माझी तशी टेस्ट करावी असं कुणाला वाटलंच नाही." ओडेसा समोर बघत राहिली.

मग सलोनीनं तुमचा फोन जोडला. पडद्यावर आधी नुसता काळोख. मग छताचा पंखा. मला वाटलं, मावशी एकटीच आहे, आई आली नाही. शेजारी मार्कसचा गुडघा थडथड उडत होता. मग फोन सरळ झाला आणि समोर तुम्ही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मागे आई उभी, तोंडाला पदर लावून.

बाबा, मला तुमची भीतीच वाटली. वाटलं, तुम्ही सांगायला आलात की ही आमची कोणी नाही.

तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "मॅडम, आय ॲम द कन्साइनर." जजबाईंना कळलंच नाही. सलोनीनं सांगितलं की पार्सल पाठवणारा माणूस. मग तुम्ही म्हणालात, लाडू मी केले. बायकोला संधिवात आहे, तिनं सांगितलं आणि मी केले, आयुष्यात पहिल्यांदा. लोखंडी कढई दाखवलीत, खसखशीची उरलेली पुडी दाखवलीत, इतवारीतल्या दुकानाचं नाव सांगितलंत. तुम्ही तर भाजून दाखवायलाही निघाला होतात, जजबाईंनी नको म्हटलं. "बायको एक वाटी घालते. मी दोन घातल्या. मुलीला लहानपणापासून आवडते." दुभाष्या बाईनं ते इंग्रजीत सांगितलं.

पलीकडच्या वकिलानं विचारलं, "तीन वर्षं तुम्ही मुलीशी बोलला नाहीत. मग लाडू का पाठवलेत?" तुम्ही खाली बघितलंत. मला वाटलं, झालं, आता संपलं. तुम्ही म्हणालात, "बोलत नव्हतो. पण बाळंतपण तर होणारच होतं ना."

आणि मग त्यानं विचारलं, खोलीत असलेल्यांपैकी तुम्ही कुणाला ओळखता? तुम्ही चष्मा वर केलात, फोन अगदी डोळ्यांजवळ नेलात. आम्हाला नुसतं तुमचं कपाळ दिसत होतं. "ती माझी मुलगी. आणि ते टाय लावलेले माझे जावई." हे तुम्ही इंग्रजीत सांगायला गेलात, पण शब्द सापडला नाही, तुम्ही 'जावई'च म्हणालात. मार्कसनं मला हळूच विचारलं, काय म्हणाले? मला सांगताच येईना. सलोनीनं सांगितलं. तो बाळ नेलं त्या दिवशी रडला नव्हता. त्या दिवशी शांत राहायचं असतं. शुक्रवारी रडला, टायनंच डोळे पुसले.

जजबाईंनी बाळ परत द्यायला सांगितलं, आणि ते शनिवारी घरी आलं. तिच्या अंगाला अजून त्या घरच्या साबणाचा वास आहे. मी तो तेल लावून घालवते आहे.

पण सगळं संपलं असं समजू नका. केस बंद झालेली नाही. उन्हाळ्यापर्यंत त्यांचा माणूस घरी येणार, न कळवता, केव्हाही. फ्रिज उघडून बघणार, कपाटं बघणार. बेल वाजली की मी आधी बाळाला उचलते, मग स्वयंपाकघरावरून नजर फिरवते, मग दार उघडते. आज पोस्टमन होता. तो गेल्यावर मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मार्कसनं टाय दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवला आहे. ओडेसा म्हणते, सवय होते. मला ही सवय व्हायला नको आहे, आणि माझ्या मुलीला तर नकोच नको. ज्युडिटचा मुलगा आणि ती एकाच वर्षी, एकाच हॉस्पिटलात जन्मली. तो बेकरीत आईच्या कडेवर बसून खसखशीनं बरबटलेली बोटं चोखतो. माझ्या घरात आता खसखशीचा दाणा येणार नाही.

लाडू परत पाठवा. बिनखसखशीचे. पाक पुढे गेला तरी चालेल.

तुम्ही पडद्यावरून शेवटी विचारलं होतंत, "नाव काय ठेवलं?" जजबाई निघाल्या होत्या, फोन बंद होत होता, मला बोलता आलं नाही. अजून ठेवलेलं नाही, बाबा. बारसं रविवारी सकाळी करतो आहोत, तुमच्याकडे संध्याकाळ असेल. मार्कसची बहीण कानात नाव सांगेल, ओडेसा आणि ज्युडिट पाळण्याला हात लावतील. पाळणा आईनं म्हणायचा आहे. मी फोन बाळाजवळ ठेवीन.

मध्येच दाराची बेल वाजली तर मी जाऊन येईन. आईला सांगा, पाळणा थांबवू नकोस.

तुमची,
शरयू